वाढत्या अंगाची मुले

जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या मुलांची परिपाठाची रांग नव्याने लावावी लागते. आठवीत एप्रिलपर्यंत जो क्रम ठरलेला असतो, बुटके पुढे आणि उंच मागे, तो उन्हाळ्याच्या सुट्टीत पार विस्कटून जातो. मधल्या जागेवरचा एखादा मुलगा थेट शेवटून दुसरा होतो, गेल्या वर्षी सर्वांत मागे उभा राहणारा होता तेवढाच राहतो आणि तीन-चार जण त्याच्या डोक्यावर गेलेले असतात. सर्वांत पुढचे एक-दोघे मात्र कोणी न सांगताच आपली पहिली जागा धरतात. मुलींच्या रांगेत या वयात एवढी उलथापालथ होत नाही, कारण त्यांची ती सहावी-सातवीतच होऊन गेलेली असते. शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला ही रांग दरवर्षी पाहायला मिळते, आणि त्या पुढच्या एक-दोघांचे चेहरे पाहिले की या विषयावर कधीतरी सविस्तर लिहिले पाहिजे असे फार दिवसांपासून वाटत आले आहे.

मुलग्याची उंची हा आपल्याकडे कोणीही, कुठेही, सर्वांसमक्ष बोलावा असा विषय मानला जातो. लग्नकार्यात भेटलेले मामा, काका, आत्या वर्षभराने मुलाला पाहतात तेव्हा पहिले वाक्य उंचीविषयीच असते. एकतर ‘बापाला मागे टाकलंस की रे’ किंवा ‘अजून एवढाच?’. मग चुलत भावाला हाक मारून दोघांना पाठीला पाठ लावून उभे केले जाते आणि आजूबाजूची माणसे निकाल देऊन मोकळी होतात. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा एका दिवसाच्या तुलनेतून वाढीविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. जे कळते ते एकाच मुलाची, निरनिराळ्या तारखांना, नीट घेतलेली मापे शेजारी ठेवल्यावर कळते.

ही गोष्ट पहिल्यांदा चिकाटीने करून दाखवली ती एका फ्रेंच बापाने. फिलिबेर गेनो द माँबेयार या सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली आणि तो १८ वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १७७७ सालापर्यंत, हा क्रम सोडला नाही. त्याचा मित्र आणि निसर्ग-अभ्यासक ब्युफाँ याने त्या नोंदी छापल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. दर वर्षी मुलगा किती वाढला हे त्या आकड्यांवरून काढले की आजचा कोणताही बालरोगतज्ज्ञ ओळखेल असा आलेख तयार होतो. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. पुढे वेग कमी होत होत वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटरवर येऊन स्थिरावतो आणि वयात येण्याच्या तोंडावर आणखी थोडा मंदावतो. त्यानंतर आलेख अचानक उसळी घेतो. मुलग्यांमध्ये ही उसळी सरासरीने १३ ते १४ वर्षांच्या सुमारास शिगेला पोहोचते, तेव्हा वेग वर्षाला ९-१० सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि मग दोन-तीन वर्षांत तो शून्याकडे उतरतो. वयात येण्याच्या या सगळ्या काळात मुलगा एकंदर २५ ते ३० सेंटीमीटर वाढतो. विसाव्या शतकात ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी हार्पेंडन या गावी एका बालगृहातल्या मुलांची वर्षानुवर्षे मापे घेऊन या उसळीचा बारकाईने अभ्यास केला. वयात येण्याचे जे टप्पे आज जगभर वापरले जातात ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

वाढ पायांच्या टोकापासून सुरू होते ही बाब मला विशेष लक्षात ठेवण्यासारखी वाटते. आधी पावले वाढतात, हात लांबतात, मग पिंढऱ्या, मांड्या, आणि धड सर्वांत शेवटी. वडिलांची चप्पल मुलाच्या पायात येऊ लागली की त्याला मित्रासारखे वागवावे असे आपल्याकडे म्हणतात. शरीराचा हिशेबही तसाच आहे, कारण चप्पल आधी येते आणि खांद्याला खांदा नंतर लागतो. घरात बूट वर्षात दुसऱ्यांदा लहान झाले म्हणून आई वैतागते तेव्हा खरी उंची अजून यायची असते. शिंपी हे सर्वांत आधी ओळखतात. आमच्या गावातले जुने शिंपी आठवीच्या मुलाच्या गणवेशाच्या पँटला तळाशी चार बोटे कापड आत दुमडून ठेवतात आणि दिवाळीनंतर ती दुमड उसवून देतात. वर्षअखेरीस त्या पँटवर उसवलेल्या जागेची गडद निळी पट्टी घोट्याजवळ उरते, कारण तेवढे कापड उन्हापासून आणि धुण्यापासून वाचलेले असते.

हातपाय असे धडाच्या पुढे निघून जातात त्या महिन्यांत मुलगा मैदानावर बावचळतो. सातवीत ज्याच्या हातून झेल सुटत नसे त्याच्या हातून सोपे झेल सुटू लागतात, धावताना पायात पाय अडकतो, लांब उडीचे पाऊल चुकते. त्याला आळशी म्हणणाऱ्या पालकांना मी सांगतो की त्याला त्याच्या नव्या लांबीचा अंदाज यायला वेळ द्या. याच काळात खूप खेळणाऱ्या मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, दुखणारा उंचवटा येतो. मांडीचा मोठा स्नायू ज्या जागी नडगीला धरतो ती जागा अजून कच्ची असते आणि ओढ बसून ती सुजते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. दुखेल तेव्हा उड्या आणि धावणे कमी करावे, बर्फाने शेकावे, आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचे दुखणे आपोआप थांबते.

हाड लांबते कसे आणि थांबते का, हे मुलांना सांगितले तर ती कान देऊन ऐकतात. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते; तिच्यात नव्या पेशी तयार होत राहतात आणि त्यांचे हाड होत जाते. गाढ झोपेत मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून सुटणारे वाढीचे संप्रेरक, थायरॉइडचे संप्रेरक, आणि वयात येताना वाढणारे लैंगिक संप्रेरक यांच्या जोरावर हे काम चालते. गंमत अशी की ज्या संप्रेरकामुळे उसळी येते त्याच्यामुळेच चकत्या शेवटी बंद होतात, आणि मुलग्यांमध्येसुद्धा हे काम इस्ट्रोजेन करते. मुलग्याच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तो चकतीवर कुलूप घालतो. १९९४ साली एका अमेरिकन तरुणाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता, म्हणून २८व्या वर्षी तो २०४ सेंटीमीटर उंच होता आणि अजून वाढतच होता, कारण त्याच्या हाडांचे वय जेमतेम १५ वर्षांच्या मुलाएवढे होते. मुली साधारण दोन वर्षे आधी वयात येतात आणि त्यांच्या चकत्याही लवकर बंद होतात. मुलग्यांना लहानपणाच्या संथ वाढीची ती दोन वर्षे जास्त मिळतात आणि उसळीही थोडी मोठी येते, म्हणून प्रौढ स्त्री-पुरुषांच्या सरासरी उंचीत सुमारे १३ सेंटीमीटरचा फरक पडतो.

म्हणजे उशीर हा मुळात तोटा नाही, आणि हेच पालकांना पटवणे सर्वांत अवघड जाते. आमच्या नववीतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली होती. ‘सर, ह्याच्याबरोबरची पोरं डोक्यावर गेली, ह्याचं काही खरं दिसत नाही,’ असे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. मुलगा बाजूला मान खाली घालून उभा होता. वडील दाराशीच थांबले होते, ते एवढेच म्हणाले, ‘सर, मी पण दहावीनंतरच वाढलो. कॉलेजला गेल्यावर माझा आवाज फुटला.’ त्या एका वाक्यात निम्मे निदान होते. वडिलांना किंवा मामाला उशिरा उंची आली असेल तर मुलालाही तशीच येण्याचा संभव मोठा असतो. अशा मुलाच्या डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढला तर हाडांचे वय जन्मतारखेपेक्षा दीड-दोन वर्षांनी मागे असल्याचे दिसते. जितके मागे, तितकी वाढ शिल्लक. या मुलाला तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी तेच सांगितले आणि औषध काहीच दिले नाही.

हाडांचे हे वय आता क्रिकेटमध्येही पाहिले जाते. क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे काढून, टॅनर आणि व्हाइटहाउस यांच्या पद्धतीने, त्यांचे वय पडताळते. खोटे जन्मदाखले रोखण्यासाठी हे आवश्यक आहे हे मान्य केले, तरी मला त्यातून वेगळीच गोष्ट दिसते: एकाच वर्षी जन्मलेल्या, खऱ्या दाखल्यांच्या दोन मुलांमध्येही हाडांच्या वयाचे तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. आपण त्यांना एकाच गटात धावायला लावतो आणि जो आधी वयात आला त्याला गुणवान ठरवतो. लवकर वाढलेल्या मुलाचेही यात नुकसान होते, हे फारसे बोलले जात नाही. सहावीत मिसरूड फुटलेल्या मुलाकडून सगळे मोठ्या माणसासारख्या समजुतीची अपेक्षा करतात. तो ताकदीवर सामने जिंकतो आणि तंत्र शिकायचे राहून जाते. दहावीत त्याची वाढ थांबलेली असते, इतरांनी त्याला गाठलेले असते, आणि आपले काय चुकले हे त्याला कळत नाही. माझ्या हाताखाली असे मुलगे मैदान सोडून गेलेले आहेत.

या वयात उंचीइतकीच, किंबहुना जास्त, छळणारी आणि कधीही न बोलली जाणारी एक बाब आहे. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलग्यांच्या छातीत, स्तनाग्राच्या मागे, सुपारीएवढी दुखरी गाठ येते. संप्रेरकांचा तोल काही काळ बदलतो म्हणून ती येते आणि बहुतेकांची दोन वर्षांच्या आत विरून जाते. मुलाला मात्र यातले काहीच माहीत नसते. कबड्डीच्या सरावाला भर उन्हात बनियनवर टीशर्ट आणि त्यावर आणखी एक शर्ट घालून येणारा, विहिरीवर पोहायला सगळे उतरले तरी काठावर बसून राहणारा, खांदे पुढे काढून पोक काढून चालणारा मुलगा दिसला की मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन हे सांगतो. त्याच्याकडून उत्तर येत नाही, पण दुसऱ्या दिवशी वरचा एक शर्ट कमी झालेला असतो. मुलींना वयात येताना काय होते हे सांगायला आता शाळेत कोणीतरी येते, पॅडचे पाकीट मिळते, एखादे पुस्तक मिळते. ते व्हायलाच हवे होते. मुलग्यांना मात्र अजून मित्र आणि मोबाइल जे सांगतील तेवढ्यावरच राहावे लागते.

आमच्या भागात उंचीचा प्रश्न शेवटी भरतीपाशी येऊन थांबतो. महाराष्ट्र पोलिसात शिपाई होण्यासाठी पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटीमीटर लागते आणि छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर. शेती दोन एकर, बाप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, अशा घरातल्या मुलाला त्या १६५ मध्ये अख्ख्या घराचे भविष्य दिसते, म्हणून मी या मुलांच्या धडपडीकडे फार आदराने पाहतो. पहाटे साडेचारला उठून ती रस्त्यावर धावतात, बारला लोंबकळतात, आणि कोणीतरी सांगितलेली पावडर उसनवारी करून विकत आणतात. बारला लोंबकळल्याने खांदे आणि पकड मजबूत होते, पाठीचा कणा काही वेळ मोकळा होतो. उंची मात्र वाढत नाही. माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो, कारण दिवसभराच्या भाराने मणक्यांमधल्या गाद्या दबतात. पावडर विकणारे याचाच फायदा घेऊन आधीचे माप संध्याकाळी आणि नंतरचे सकाळी घेतात. एकदा चकत्या बंद झाल्या की जगातली कोणतीही पावडर, गोळी किंवा तेल हाड लांबवू शकत नाही. मुले मला म्हणतात, ‘सर, पण मेस्सीने इंजेक्शनं घेतली होती.’ घेतली होती, कारण त्याच्या शरीरात वाढीचे संप्रेरक पुरेसे तयार होत नव्हते, ते अकराव्या वर्षाच्या सुमारास उघड झाले आणि चकत्या उघड्या असताना उपचार झाले. याउलट पिळदार शरीरासाठी जिममध्ये गुपचूप टोचली जाणारी स्टेरॉइड पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या चकत्या वेळेआधी बंद करतात. ज्या उंचीसाठी तो तळमळतो तीच त्याच्या हातून जाते. हे मी वर्गात अगदी स्पष्ट शब्दांत सांगतो.

मुलग्याच्या अपेक्षित उंचीचा एक सोपा अंदाज काढता येतो. आई आणि वडिलांच्या उंचीच्या बेरजेत १३ सेंटीमीटर मिळवून निम्मे करायचे. वडील १६५ आणि आई १५२ असतील तर उत्तर १६५ येते आणि मुलगा त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ८ सेंटीमीटरच्या पट्ट्यात कुठेही बसू शकतो. पोटभर खायला मिळणाऱ्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक असतो. मात्र पोटभर खायला मिळणे ही त्यातली अट आहे. आज नेदरलँड्समधले १९ वर्षांचे मुलगे सरासरी १८४ सेंटीमीटरच्या आसपास आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याच देशात सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांची सरासरी १६५ सेंटीमीटरच्या आसपास होती, म्हणजे आपल्या पोलीस भरतीच्या किमान उंचीएवढी. दीडशे वर्षांत त्यांची जनुके बदललेली नाहीत. अन्न, पिण्याचे पाणी आणि बालपणातले आजार बदलले.

म्हणूनच आपल्याकडच्या एका गोष्टीने मी फार अस्वस्थ होतो. शालेय पोषण आहार इयत्ता आठवीपर्यंत मिळतो. मुलींची उसळी तोवर बहुधा होऊन गेलेली असते, मुलग्यांची मात्र ऐन भरात असते किंवा उशिरा वयात येणाऱ्यांची सुरूही झालेली नसते, आणि नेमकी त्याच जूनमध्ये ताटातली खिचडी बंद होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलग्याला दिवसाला २८६० किलोकॅलरी लागतात, तर मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला २७१०. घरात कमावत्या माणसाला आधी वाढायची रीत आहे, पण कमावत्या बापापेक्षा नववीतल्या मुलाची भूक मोठी आहे आणि ती खरी आहे. ‘किती खातोस’ हे वाक्य त्या वयात कोणी त्याला ऐकवू नये. आमच्याकडचे कितीतरी मुलगे सकाळी चहा-खारी खाऊन येतात आणि दुपारी दीडपर्यंत त्यावर काढतात. महागडे डबे आणण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडी, दूध किंवा ताक, आणि नाचणी, जिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींसाठीच आहे असे समजून मुले ती खिडकीबाहेर टाकतात. ती त्यांच्यासाठीही आहे. आणि रात्री दीडपर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाची गाढ झोपच कमी पडते. नववी-दहावीला पोषण आहार वाढवून द्यावा ही मागणी शिक्षकांनी, पालकांनी आणि ग्रामपंचायतींनी लावून धरली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

राहता राहिली मापे. प्रगतिपुस्तकावर उंचीचा रकाना असतो आणि तो पुष्कळ ठिकाणी अंदाजाने भरला जातो, हे थांबायला हवे. बूट-मोजे काढून, टाचा, कुल्हे आणि खांद्यांची पाती भिंतीला टेकवून, डोळ्याची खालची कड आणि कानाचे भोक एका आडव्या रेषेत येईल अशी नजर समोर ठेवून, डोक्यावर कडक पुठ्ठ्याचे पुस्तक केस दाबून काटकोनात धरावे आणि भिंतीवरची खूण टेपने मोजावी. दर सहा महिन्यांनी, दिवसाच्या एकाच वेळी, तारखेसह. ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ साली वाढीचे आलेख प्रसिद्ध केले आणि त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. ते आलेख कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे मिळतात. त्यावर मुलाची रेषा खालच्या बाजूला असली तरी इतर रेषांना समांतर चालली असेल तर सहसा धीर धरता येतो. रेषा सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली गेली, वाढ वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी झाली, चढणारी रेषा मध्येच आडवी पडली, किंवा चौदावे वर्ष पूर्ण होऊनही वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही, तर ‘येईल उंची आपोआप’ असे म्हणत बसू नये. थायरॉइडची कमतरता, गहू न पचण्याचा आजार, मूत्रपिंडाचा विकार, विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल, वाढीच्या संप्रेरकाची उणीव, यांपैकी काहीही असू शकते आणि उंचीसाठी करायचे उपचार चकत्या उघड्या असेपर्यंतच लागू पडतात. डॉक्टरांकडे जाताना आजवरच्या उंचीच्या तारीखवार नोंदी, आई-वडिलांची मोजलेली उंची आणि वडिलांना उंची कोणत्या इयत्तेत आली याची माहिती सोबत न्यावी. तपासणीच्या वेळी आई-वडिलांनी थोडा वेळ बाहेर बसून मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे, कारण त्याला विचारायचे असलेले निम्मे प्रश्न उंचीविषयीचे नसतात.